पद्मिनीला थंड हवा: घरच्या घरी एअर इनटेक कसा बनवायचा

आमच्याकडे १९८३ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी नवी घेतलेली, आता माझ्या ताब्यात. मे महिन्यात पाचगणीला निघालो की पसरणी घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर तिचा दम उखडायचा. पाय दाबला तरी गाडी उचलायची नाही, आणि वर पोचून बंद केली की पुन्हा सुरू व्हायला दहा मिनिटं लागायची. बाबांचा उपाय गाडीतल्या इंधन पंपावर ओलं फडकं टाकण्याचा, आणि तो आजही लागू पडतो. पण इंजिन जी हवा ओढतंय तीच भाजून निघालेली आहे, हे थर्मामीटर लावून पाहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं. मग बाहेरची हवा कार्बोरेटरपर्यंत (हवा आणि पेट्रोल जिथे मिसळतं तिथपर्यंत) आणणारा मार्ग स्वतः बनवला. पहिला प्रयत्न काढून टाकावा लागला, दुसरा गेले तीन उन्हाळे टिकून आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने देतोय. ॲम्बेसेडर किंवा दुसरी कुठलीही जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तरी मापं सोडून बाकी सगळं तसंच लागू होईल.

आधी हे समजून घ्या

हवा जितकी गार तितकी ती दाट. ६० अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते. म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू तेवढा कमी. पण हवा ९ टक्के दाट झाली म्हणून ताकद ९ टक्के वाढत नाही, साधारण त्याच्या निम्मीच वाढते. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन मुळात ४० हॉर्सपॉवरच्या आसपासचं. तिथे फार तर दीड-दोन हॉर्सपॉवरचा फरक पडेल. ताकदीसाठी हे काम करणार असाल तर वेळ आणि पैसा टॅपेट, टायमिंग आणि कार्बोरेटर नीट करण्यात घाला, जास्त मिळेल.

खरा फायदा वेगळाच आहे. ट्रॅफिकमध्ये उभ्या असलेल्या गाडीचं कार्बोरेटर कमी तापतं, दुपारच्या चढावर पिकअप टिकतो, आणि गरम इंजिन पुन्हा सुरू होताना त्रास कमी होतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पुष्कळ जण मूळचा एअर क्लीनर, म्हणजे हवेच्या फिल्टरचा डबा, काढून कार्बोरेटरच्या तोंडावर शंकूच्या आकाराचा चकचकीत फिल्टर बसवतात आणि त्याला कोल्ड एअर इनटेक म्हणतात. पंखा रेडिएटरमधून तापलेली हवा मागे फेकतो, खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनमधला धूर बाहेर नेणारी नळी) धगधगत असतो, आणि तो फिल्टर नेमका त्या दोघांच्या मधोमध. माझा पहिला प्रयत्न हाच होता. आवाज भारदस्त झाला आणि तापमान मूळच्या डब्यापेक्षा वाढलं. थंड हवा फिल्टर देत नाही, ती बंद मार्ग आणि उष्णतेला अडवणारा पडदा देतो.

१. मोजल्याशिवाय पान्याला हात लावू नका

तारेच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या, फ्रिजसाठी किंवा फिश टँकसाठी मिळतो तसला. ११० अंशांपर्यंत दाखवणारा बघा. सेन्सर एअर क्लीनरच्या सोंडेच्या (हवा आत घेणाऱ्या नळीच्या) तोंडाशी बाहेरून घट्ट बांधा, आत ओढला जाता कामा नये. तार बॉनेटच्या फटीतून खिडकीपर्यंत आणा आणि तीन वेळा आकडा टिपा: सकाळी गार इंजिनवर, मोकळ्या रस्त्यावर पंधरा मिनिटं चालवल्यावर, आणि सिग्नलला पाच मिनिटं उभं राहिल्यावर.

माझे आकडे मे महिन्यातल्या दुपारचे. बाहेर ३९ अंश, चालत्या गाडीत ५२, गर्दीत उभ्या गाडीत ६४. सगळं काम झाल्यावर हेच चालताना ४३ आणि उभं असताना ४७ आले. तुमच्या गाडीत बाहेरच्या हवेपेक्षा फरक ५-७ अंशांचाच निघाला तर हा खटाटोप करू नका.

इंजिनच तापत असेल तर आधी रेडिएटर साफ करून घ्या, पंख्याचा पट्टा बघा, थर्मोस्टॅट बघा. त्या दुखण्यावर हा इलाज नाही.

२. कागदपत्रं आणि सामान

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. इथे सांगितलेल्या कामात इंजिन, चासी, बॉडी, इंधन यातलं काही बदलत नाही. तरी आरसी, विमा आणि चालू पीयूसी एका फाइलमध्ये ठेवा आणि विमा कंपनीला केलेला बदल लेखी कळवा. तुमची गाडी पन्नास वर्षांकडे झुकत असेल तर आणखी एक विचार करा. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांनाच मिळते. म्हणून माझा पक्का नियम असा: मूळचा एकही भाग कापायचा नाही, आणि केलेलं सगळं एका दुपारात उतरवता आलं पाहिजे.

सामानाची यादी:

- एअर क्लीनरचा दुसरा जुना डबा, झाकणासकट
- ६३ मिमीचा ॲल्युमिनियमचा पाइप, साधारण एक मीटर
- त्याच मापाचे सिलिकॉन होजचे दोन एल्बो आणि एक सरळ तुकडा
- होज क्लिपा सहा
- ६३ मिमी तोंडाचा फिल्टर
- एक मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा
- दाराला लावतात ती रबरी बीडिंग, दोन मीटर
- रबराचं अस्तर असलेल्या पाइप क्लॅम्प, तीन-चार
- कॉर्क किंवा फायबरचा पॅकिंग शीट
- पान्यांचा सेट, हॅकसॉ, कानस, ड्रिल, व्हर्नियर, मोजपट्टी, टॉर्च आणि जाड पुठ्ठा
- एक किलोचा पावडरचा अग्निशामक. पेट्रोल पाइपशेजारी काम करताना तो हाताशी हवाच

डबा मिळेल का, ही काळजी नको. या गाड्या कुर्ल्याच्या कारखान्यात २००० च्या सुमारापर्यंत बनत होत्या आणि मुंबईत काळी-पिवळी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावल्या, त्यामुळे सुटे भाग अजून फिरतात. मला डबा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाला. पुण्यात असाल तर नाना पेठेत चौकशी करा. डबा चेपलेला चालेल, पण बुडाची कडा जिथे कार्बोरेटरवर बसते ती वाकडी नको. दुकानातच काचेवर किंवा सपाट लादीवर ठेवून बघा, डुलत असेल तर दुसरा मागा.

३. पुठ्ठ्यावर मार्ग ठरवा

हवा कुठून घ्यायची याला तीन अटी आहेत. जागा रेडिएटरच्या पुढच्या बाजूला किंवा त्याच्या कडेला हवी, मागे नको. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून जितकी दूर जाईल तितकी चांगली. आणि उंची हेडलाइटच्या मध्यापेक्षा खाली नको.

तिसऱ्या अटीवर तडजोड करू नका. बंपरमागची हवा सगळ्यात गार असते म्हणून फिल्टर तिथे खाली बसवणारे लोक आहेत. आपल्याकडच्या पावसात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढताना तोच फिल्टर पाणी ओढतो. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. त्या रात्री पाण्यात बंद पडलेल्या किती गाड्या दुसऱ्या दिवशी घाईघाईने स्टार्टर मारल्यामुळे कायमच्या गेल्या असतील, या विचाराने आजही जीव हळहळतो.

माझ्या गाडीत रेडिएटर आणि बाजूच्या पत्र्यामधली फट पुरली, कुठेही कापाकापी लागली नाही. पुठ्ठ्याच्या ६३ मिमीच्या नळ्या करून चिकटपट्टीने जोडत कार्बोरेटरपर्यंत न्या. बॅटरी, पंख्याची पाती, डिस्ट्रिब्यूटर, ॲक्सिलरेटरची सळई, सगळ्यांपासून किमान २५ मिमी अंतर राखा. पंख्यापासून याच्या दुप्पट.

४. कार्बोरेटरवरचा डबा

या कामाला घाई करू नका, निम्मा निकाल इथेच लागतो.

भंगारातून आणलेल्या डब्यातला फिल्टर काढून टाका. डबा रॉकेलने धुवा, गंज एमरी पेपरने काढा. मूळची सोंड कापून तिथे ६३ मिमी व्यासाची, ५० मिमी लांबीची पत्र्याची नळी बसवून घ्यायची आहे. मी हे काम गॅस वेल्डिंगवाल्याकडून ब्रेझिंग करून (पितळ वितळवून सांधून) घेतलं, कारण इतका पातळ पत्रा आर्क वेल्डिंगने जळून भोकं पडतात. त्यांनी नळी आधी चार ठिकाणी टाचली, डबा बाकावर उलटा ठेवून सरळपणा पाहिला, आणि मग पितळेची सळी फिरवत पूर्ण कडा भरली. घरी आणल्यावर आतून बोट फिरवलं तर पितळेचे मोहरीएवढे मणी लागले. तो प्रत्येक मणी कानशीने घासून काढा आणि डबा पुन्हा धुवा. इथून पुढे फिल्टर नाही. जे सुटेल ते थेट कार्बोरेटरमध्ये जाणार.

त्याच कारणासाठी या डब्याच्या आत एकही स्क्रू, नट किंवा रिव्हेट ठेवू नका. आणि काम चालू असताना कार्बोरेटरच्या तोंडावर स्वच्छ फडकं बांधून ठेवा, नुसतं ठेवू नका. एक वायसर आत पडला की हेड उतरवण्यापर्यंत वेळ येते.

कार्बोरेटरच्या वरच्या भागात फ्लोटच्या खणाची (जिथे पेट्रोल साठतं त्याची) हवा खेळण्यासाठी लहान नळी किंवा भोक असतं. तुमच्या कार्बोरेटरमध्ये ते एअर क्लीनरच्या आत उघडतं की बाहेर, हे नीट बघा आणि जिथे आहे तिथेच उघडं राहू द्या. डबा आणि कार्बोरेटर यांच्यामधल्या पॅकिंगखाली ते झाकलं गेलं तर हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा सगळा हिशेब बिघडतो आणि कारण सापडता सापडत नाही.

उंची तपासायची युक्ती आमच्या आईची. झाकणावर तीन ठिकाणी कणकेचे गोळे ठेवायचे, बॉनेट हलकेच लावायचं आणि उघडायचं. चेपलेल्या गोळ्याची जाडी म्हणजे उरलेली जागा. ती १५ मिमीपेक्षा कमी नको, कारण इंजिन आपल्या माउंटिंगवर हलतं. माझ्या डब्याच्या मागच्या कडेचा गोळा कागदासारखा झाला होता. झाकणाचा उंचवटा ठोकून खाली घेतला तेव्हा जमलं.

५. पाइप

मोठा पाइप म्हणजे जास्त हवा, असा समज आहे. पद्मिनीतल्या सोलेक्स कार्बोरेटरचा गळा ३२ मिमीचा आहे. त्याचं क्षेत्रफळ ८ चौरस सेंटिमीटर, तर ६३ मिमीच्या पाइपचं भिंतीची जाडी वजा करूनही २७ च्या वर. आधीच तिप्पट आहे. ५००० आरपीएमला हे इंजिन सेकंदाला साधारण ३६ लिटर हवा ओढतं, तेवढी या पाइपमधून आरामात जाते. ७५ मिमीचा घालून नुसती जागा अडेल.

नळकामाचा पीव्हीसी पाइप स्वस्त आणि सहज मिळणारा, म्हणून मोह होतो. तो ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो. एक्झॉस्टजवळ तो वाकतो, सांध्यातून सुटतो आणि फिल्टर न झालेली धूळ आत जायला लागते. ॲल्युमिनियमच घ्या. वाकवायचा असेल तर सायलेन्सरचं काम करणाऱ्याकडे न्या. कापलेल्या कडा आतून-बाहेरून कानशीने गोल करा.

डबा इंजिनला जोडलेला, पाइप बॉडीला. इंजिन हलणार, बॉडी हलणार नाही. म्हणून डबा आणि पाइप यांच्यामध्ये सिलिकॉन होजचा तुकडा हवाच, आणि त्याच्या आत दोन धातूंच्या कडांमध्ये १५-२० मिमी मोकळी जागा सोडा. पाइपचा भार क्लॅम्पनी बॉडीवर घ्या, कार्बोरेटरवर अजिबात नको. क्लॅम्पसाठी जुन्या बोल्टच्या जागा वापरा.

६. फिल्टर आणि त्याची खोली

फिल्टर उघडा ठेवायचा नाही. त्याच्याभोवती पत्र्याची पेटी करायची, जिची एक बाजू पुढच्या हवेकडे उघडी आणि बाकीच्या बाजू इंजिनकडून बंद. आधी पुठ्ठ्याची पेटी करा, जागेवर बसवा, बॉनेट लावून बघा, मग ती पत्र्यावर छापा. पेटीची वरची कडा बॉनेटपासून दहा-बारा मिमी खाली ठेवून तिच्यावर रबरी बीडिंग चढवा, म्हणजे बॉनेट बंद झालं की बीडिंग दाबली जाऊन वरची फट मिटते. माझ्याकडे सगळ्यात जास्त फरक या बीडिंगने पडला. ती लावण्याआधी उभ्या गाडीत ५५ अंश येत होते.

पेटीच्या तळाला सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ५ मिमीचं भोक पाडा, पावसाचं पाणी निघून जाईल. हे भोक फक्त फिल्टरच्या अलीकडे, बाहेरच्या हवेच्या बाजूला. फिल्टरपासून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या पाइपला भोक पाडलं तर तिथून धूळच आत जाईल.

कार्बोरेटरखाली एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूला पत्र्याचा आडवा पडदाही लावा. पत्रा दोन्हीकडे हवा खेळेल असा, मॅनिफोल्डपासून २० मिमी वर. पेट्रोलचा पाइप त्या पडद्याच्या गार बाजूने नेता आला तर ओल्या फडक्याची गरज बरीच कमी होते.

फिल्टर कागदी असो की तेल लावलेला सुती, नियमित साफ करणार असाल तोच घ्या. स्पंजचे स्वस्त फिल्टर टाळा. कार्बोरेटरमधून उलटा भडका आला तर मूळचा एअर क्लीनर तो अडवतो, स्पंज पेट घेतो.

७. ब्रीदरची नळी विसरू नका

इंजिनमधली वाफ एअर क्लीनरकडे नेणारी रबरी नळी जुन्या गाड्यांत असते. नवीन डबा बसवताना ती लोंबत सोडून देतात, हे मी अनेक गाड्यांत पाहिलंय. मग बॉनेटखाली तेलाचा वास आणि चिकट थर, आणि उघड्या तोंडातून इंजिनच्या पोटात धूळ. नव्या डब्यावर तिच्यासाठी नळी ब्रेझ करून घ्या, म्हणजे ती फिल्टरच्या पुढच्या, स्वच्छ बाजूला जोडली जाईल. जुनी नळी कडक झाली असेल तर आताच बदला.

८. गळती तपासणे

रात्री अंगणात दिवे मालवा. डबा कार्बोरेटरवरून काढून पाइपसकट जुळवा, आत छोटा टॉर्च पेटता ठेवा आणि झाकण लावा. प्रत्येक सांध्याभोवती बघा. उजेडाची रेघ दिसली तर तिथून धूळ जाणार. नंतर टॉर्च काढायला विसरू नका.

९. जेट आणि प्लग

हवा दाट झाली की मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते तर याला सुमारे १३.५, म्हणजे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यावर) गाडी आधीच पातळ मिश्रणावर चालते. दोन्हींची बेरीज होऊन उलट त्रास वाढू शकतो: झटके, चढावर ठकठक, कार्बोरेटरमधून फटका.

आधी जेटला हात न लावता चालवा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दोन-तीन मिनिटं जोर लावून, गाडी सुरक्षित जागी घेऊन, क्लच दाबून इंजिन बंद करा आणि थंड झाल्यावर प्लग काढा. बिस्किटाचा रंग म्हणजे ठीक. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, काजळी म्हणजे जास्त. पांढरा असेल तर मेन जेट एकच पायरी वाढवा. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, १२० म्हणजे १.२० मिमी. जेट तारेने किंवा ड्रिलने मोठा करणारे मिस्त्री भेटतील. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. भोक एकदा वाढलं की माप गेलं, आणि जुने जेट सहज मिळत नाहीत.

मग आयडलिंग जुळवा आणि लगेच पीयूसी करून घ्या. या जुन्या गाड्यांसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. पावतीवरचा आकडा तुमच्या जेटबद्दलही बरंच सांगून जातो. तुमचा अंदाज आणि मशीन यात फरक आला तर मशीनचं ऐका.

१०. पहिला महिना, आणि पावसाळा

पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळ्या होज क्लिपा पुन्हा आवळा, गरम झाल्यावर सिलिकॉन दबतं. महिन्याने डब्याचं झाकण उघडून आतून पांढरं फडकं फिरवा. धुळीचा डाग आला तर टॉर्चची चाचणी पुन्हा करा.

पुण्याबाहेर कच्च्या रस्त्यावर जात असाल तर फिल्टर दर महिन्याला बघा. कागदी फिल्टर हलकेच ठोकून, आतून बाहेर कमी दाबाची हवा मारून साफ करा. बाहेरून हवा मारली तर धूळ कागदात घुसते. सुती फिल्टरला तेल बेताचंच, जास्त झालेलं तेल कार्बोरेटरच्या जेटवर जाऊन बसतं.

महाबळेश्वरला पावसात किंवा धुक्यात जाताना मी मूळचा डबा परत चढवतो. दमट गारठ्यात पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटरचा गळा आणखी गार पडतो आणि आत बर्फाचा थर धरू शकतो. मग गाडी आयडलिंगला बंद पडते, आणि पाच मिनिटं उभी केली की आपोआप बरी होते. तिथे बॉनेटखालची कोमट हवाच उपयोगी पडते. अनेक जुन्या गाड्यांच्या एअर क्लीनरची सोंड उन्हाळा-हिवाळ्याप्रमाणे फिरवता येते ती याचसाठी. मूळचा डबा आणि नवा पॅकिंग मी जूनपासून डिकीतच ठेवतो. दोन पाने घेऊन अदलाबदल वीस मिनिटांत होते.